नमुन्याबाहेरचे रोगी

लंडनचे सुप्रसिद्ध वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये छातीच्या एका विलक्षण विकारावर निबंध वाचला. चालता चालता, विशेषतः जेवणानंतर चढण चढताना, छाती आवळल्यासारखी वेदना उठावी आणि पाऊल थांबताच ती मावळावी, हे त्या विकाराचे रूप त्यांनी इतक्या नेमकेपणाने टिपले की अडीचशे वर्षांनंतरही त्यात फारशी दुरुस्ती करावी लागलेली नाही. पुढे आयुष्यभराच्या टिपणांवरून सिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, या विकाराचे सुमारे शंभर रोगी पाहिल्याचे नमूद करून, ते सांगतात की तीन स्त्रिया आणि बारा वर्षांचा एक मुलगा वगळता बाकीचे सर्व पन्नाशीला आलेले किंवा ती ओलांडलेले पुरुष होते. हेबर्डन यांनी जे पाहिले तेच लिहिले. परंतु वैद्याच्या दारी कोण येते ही एक गोष्ट आणि रोग कोणाला होतो ही दुसरी, हा भेद पुढच्या पिढ्यांना राखता आला नाही, आणि शंभरांतल्या शहाण्णवांचे वर्णन तेच रोगाचे वर्णन होऊन बसले.

हा नमुना काळाच्या ओघात पुसट होण्याऐवजी पक्का होत गेला. १९१२ साली शिकागोचे जेम्स हेरिक यांनी, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत एकाएकी गुठळी अडकली तरी मनुष्य तत्काळ मरतोच असे नाही, हे दाखवून दिले. आणि तेथून पुढे 'हार्ट ॲटॅक' म्हटले की जो मनुष्य डोळ्यांपुढे येई तो कामाच्या ओझ्याने वाकलेला, सिगारेट ओढणारा, कुटुंबाचा कर्ता पुरुष. १९६४ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात हृद्रोगासंबंधी खास स्त्रियांकरिता एक परिषद भरली, पण तिचा विषय स्त्रियांचे हृदय हा नसून पतीच्या हृदयाची निगा पत्नीने कशी राखावी, हा होता. संशोधनातही हाच शिरस्ता चालू राहिला. ॲस्पिरिनने निरोगी माणसाचा झटका टळतो का, हे पाहण्यासाठी १९८२ साली सुरू झालेल्या विख्यात अमेरिकन पाहणीत २२,०७१ डॉक्टर सामील झाले, ते सर्व पुरुष. आहार, धूम्रपान आणि रक्तदाब यांच्यावर एकाच वेळी इलाज करून पाहणाऱ्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगात १२,८६६ जण घेतले, तेही सर्व पुरुष. १९७७ साली अमेरिकेच्या औषधनियामक खात्याने अपत्यधारणेच्या वयातील स्त्रियांना नव्या औषधांच्या आरंभीच्या चाचण्यांतून वगळण्याचा दंडक घातला, तो १९९३ पर्यंत अमलात होता. वृद्धांची गत निराळी नव्हती. झटक्यावरील उपचारांच्या प्रसिद्ध चाचण्यांचा १९९२ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक चाचण्यांनी पंचाहत्तरीपलीकडच्या रोग्यांना प्रवेशच दिला नव्हता, असे निष्पन्न झाले.

या वगळण्यामागे कोणाचा आकस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने बाळे सव्यंग जन्मल्याच्या दुर्घटनेनंतर, पोटातल्या जिवाला औषध बाधेल ही धास्ती रास्तच होती. आणि वृद्ध शरीरात मूत्रपिंड, मेंदू, फुप्फुसे यांच्या इतक्या तक्रारी एकत्र नांदत असतात की औषधाचा गुण कोणता आणि वयाचा दोष कोणता, याचा निवाडा करणे संशोधकाला जड जाते. तथापि हेतू शुद्ध असला म्हणून परिणाम चुकत नाही. औषध पारखले गेले मध्यमवयीन पुरुषावर, आणि ते द्यावे लागले अशा सत्तरी-ऐंशीतल्या आज्यांना, ज्यांच्यासारखे कोणीही त्या परीक्षेला बसलेले नव्हते.

आता झटक्यात नेमके घडते काय, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. रोहिणीच्या भिंतीत वर्षानुवर्षे मेद साचत असतो आणि त्यावर एक पातळ आवरण असते. एखाद्या दिवशी ते आवरण फाटते, उघड्या जखमेवर रक्ताची गुठळी धरते, आणि गुठळीच्या पलीकडचा स्नायू रक्तावाचून गुदमरू लागतो. अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी मरू लागतात आणि पुढल्या काही तासांत हा नाश बाहेरच्या थराकडे सरकत भिंतीची सारी जाडी व्यापतो. म्हणून या रोगात औषधाइतकेच महत्त्व घड्याळाला आहे. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून दिल्यास रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ वर येते, हे १९८६ साली इटलीतील चाचणीने सिद्ध केले. आणि दोनच वर्षांनी, १७,१८७ रोग्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, त्याच औषधाला महिनाभर रोज अर्ध्या ॲस्पिरिनची जोड दिल्यावर मृत्यूचे प्रमाण १३.२ टक्क्यांवरून ८ वर उतरल्याचे दिसले. या दोन्ही चाचण्यांनी वयाची वरची मर्यादा घातली नव्हती, ही गोष्ट त्या काळात अपवादात्मक होती.

दुसऱ्या चाचणीचा एक किस्सा या विषयात विसरून चालणार नाही. निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी, रोग्यांचे वय, लिंग इत्यादींप्रमाणे पोटविभाग पाडून प्रत्येकाचा निकाल वेगळा द्यावा, असा आग्रह झाला. संशोधकांनी तो मानला, पण त्याबरोबर राशींप्रमाणेही विभाग पाडून दाखवले. आणि मिथुन व तूळ या राशींवर जन्मलेल्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक ठरते, असे हास्यास्पद उत्तर त्यातून निघाले. तात्पर्य असे की ढिगाचे तुकडे पुरेसे बारीक केले की योगायोगही शास्त्राचा वेष घेऊन उभा राहतो. स्त्रियांचे आणि वृद्धांचे काय होते हे खात्रीने सांगायचे, तर मूठभर स्त्रिया असलेल्या चाचणीचे उभे-आडवे छेद घेऊन भागणार नव्हते. लाखो रोग्यांचे दफ्तर धुंडाळणे भाग होते.

असे दफ्तर १९९९ साली व्हायोला व्हॅकारिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडले. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतील रुग्णालयांत झटका येऊन दाखल झालेल्या, तीस ते एकोणनव्वद वर्षे वयाच्या ३,८४,८७८ रोग्यांची ती नोंद होती. वरवर पाहता रुग्णालयात असतानाच स्त्रियांपैकी १६.७ टक्के दगावल्या आणि पुरुषांपैकी ११.५ टक्के. यावर कोणीही चटकन म्हणेल की स्त्रियांना हा रोग उतारवयात होतो, सोबत मधुमेह आणि रक्तदाब असतात, म्हणून त्या अधिक मरतात. हा खुलासा खरा असता, तर समान वयाच्या स्त्री-पुरुषांची तुलना करताच फरक नाहीसा व्हायला हवा होता. पंचाहत्तरीच्या पुढे तो खरोखरच नाहीसा झाला. परंतु जसजसे वय खाली यावे तसतसा तो रुंदावत गेला, आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचा मृत्युदर त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक भरला. म्हणजे जिला हा रोग होतच नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते, तीच तरुण स्त्री रोग झाल्यावर सर्वांत असुरक्षित ठरली. त्यातही विचारात पाडणारी बाब अशी, की पूर्वीचे आजार, झटक्याची तीव्रता आणि सुरुवातीचे उपचार या सर्वांची वजावट करूनही फरकाचा एक-तृतीयांशच काय तो उलगडला. उरलेले दोन भाग दफ्तरातल्या कोणत्याच रकान्याखाली जमा धरता येईनात.

काही वाटा शरीराचा आहे, हे निर्विवाद. जगभरच्या ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार स्त्रीला पहिला झटका पुरुषापेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो. तिच्या रोहिण्या आकाराने लहान असतात. तरुण स्त्रीत पुष्कळदा मेदाचे आवरण फाटत नाही, नुसते झिजते. कधी मेदाचा थर नसतानाही रोहिणीची भिंतच आतून दुभंगते, आणि अशा दुभंगाच्या रोग्यांत दहांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. अँजिओग्राफीत ठळक अडथळा दिसला नाही की 'हृदय ठीक आहे' असे सांगून अशा रोगिणीची रवानगी घरी होण्याचा धोका असतो. उलट, शरीरावर ढकललेले प्रत्येक कारण खरे निघालेच असेही नाही. स्त्रीच्या संप्रेरकांमुळे तिचे हृदय सुरक्षित राहते, तेव्हा ऋतुनिवृत्तीनंतर ती बाहेरून दिल्यास संरक्षण पुढे चालू राहील, हा तर्क दीर्घकाळ सर्वमान्य होता. पण हृद्रोग जडलेल्या २,७६३ स्त्रियांवरील चाचणीत १९९८ साली त्याचा काहीही लाभ दिसला नाही, आणि २००२ साली निरोगी स्त्रियांवरची त्याहून मोठी चाचणी, लाभापेक्षा हानी अधिक दिसल्याने, मुदतीपूर्वीच बंद करावी लागली.

दुसरा वाटा ओळखण्यातल्या दिरंगाईचा. अकरा लाखांहून अधिक अमेरिकन रोग्यांच्या नोंदींत, छातीत मुळीच न दुखता झटका आलेल्या स्त्रिया ४२ टक्के आणि पुरुष ३१ टक्के निघाले. मात्र यावरून 'बायकांचा झटका वेगळाच असतो' असा जो समज हल्ली पसरला आहे तोही अर्धवट आहे. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या रोग्यांना थेट विचारले असता, छातीत दुखणे, दाटणे किंवा दडपण असल्याचे ८७ टक्के स्त्रियांनी आणि ८९.५ टक्के पुरुषांनी सांगितले. फरक एवढाच की स्त्रियांनी त्याबरोबर मळमळ, धाप, पाठीत किंवा जबड्यात कळ अशी इतर गाऱ्हाणीही सांगितली. गर्दीत मुख्य साक्षीदाराचा आवाज दबला. झटक्यापूर्वीच वैद्याकडे गेलेल्या स्त्रियांपैकी ५३ टक्के म्हणाल्या, की हे दुखणे हृदयाचे आहे असे त्याला वाटले नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होते.

आपल्याकडे हा घोटाळा कसा घडतो ते डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई. मधुमेह आहे, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. रात्रीच्या जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात जळजळते, पाठीत भरून येते, दरदरून घाम सुटतो. मुलगी म्हणते, "आई, दवाखान्यात जाऊ या का?" ती म्हणते, "काही नाही गं, पित्त झालंय. सकाळी बघू." आले-लिंबू होते, सोडा होतो, उलटी होते, तास जातात. पहाटे दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "विडी, सिगारेट?" उत्तर 'नाही' असेच येते आणि ते खरेही असते, पण ती गेली वीस वर्षे रोज सकाळी मिश्री लावते, हे विचारले जात नाही म्हणून सांगितलेही जात नाही, आणि मिश्री हा तंबाखूच आहे हे कागदावर उमटत नाही. गॅसचे इंजेक्शन मिळते. कार्डिओग्राम काढला तर पाच मिनिटांत प्रकरण उघडे पडेल, पण तो काढावा असे मनात येण्यासाठी आधी संशय यावा लागतो, आणि नमुन्यात न बसणाऱ्या रोग्याविषयी संशयच येत नाही.

प्रयोगशाळेची परीक्षाही या पक्षपातातून सुटली नव्हती. हृदयाचा स्नायू मरताना रक्तात ट्रोपोनिन नावाचे प्रथिन उतरते. ते किती वाढले म्हणजे झटका म्हणायचे, याची सीमारेषा स्त्री-पुरुषांना एकच होती. एडिंबरोच्या संशोधकांनी अतिसूक्ष्म मापन करणारी चाचणी वापरून, पुरुषांसाठी एका लिटरला ३४ नॅनोग्रॅम आणि स्त्रियांसाठी १६ अशा वेगळ्या रेषा आखल्या, तेव्हा संशयित स्त्रियांतले झटक्याचे निदान ११ टक्क्यांवरून २२ वर गेले. पुरुषांत ते १९ वरून २१ एवढेच सरकले. पण पुढच्या मोठ्या अभ्यासात आढळले की निदान वाढले तरी त्या स्त्रियांना मिळणारे उपचार त्या मानाने वाढले नाहीत, आणि त्यांची गतीही सुधारली नाही. रेष बदलणे सोपे असते, वहिवाट बदलणे अवघड. फ्लॉरिडातील १९९१ ते २०१० या काळातील नोंदींतून तर असे दिसले, की पुरुष डॉक्टरांच्या हाती आलेल्या स्त्रिया जगण्याचे प्रमाण कमी होते, आणि ज्यांच्यासोबत स्त्री डॉक्टर अधिक संख्येने काम करत होत्या त्यांच्या हाती ते सुधारत होते. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक बर्नाडिन हीली यांनी लिहिले होते, की आपल्यालाही पुरुषासारखाच गंभीर हृद्रोग आहे हे सिद्ध केल्यावाचून स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे उपचार मिळत नाहीत. त्या आरोपाचा काही अंश या आकड्यांत अद्याप शिल्लक आहे.

वृद्धांची कथा याच्याच पुढली. झटक्यानंतर कोण दगावेल याचे भाकीत करणाऱ्या प्रत्येक गणितात वयाला मोठे वजन असते. म्हणजे वाचवण्यासारखे सर्वाधिक जीव तिथेच असतात. तरीही धोका जितका जास्त तितका उपचार कमी, असा उफराटा व्यवहार सर्वत्र आढळतो. गुठळी विरघळवणारे औषध दिल्यावर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती म्हाताऱ्या माणसांत अधिक असते, हे खरे. पण जुन्या चाचण्यांचे एकत्रित आकडे पाहता, पंचाहत्तरीवरच्या योग्य रोग्यांत त्या औषधाने महिनाभरातले मृत्यू २९.४ टक्क्यांवरून २६ वर आणले होते. रक्तस्रावाच्या भीतीवरचा तोडगाही पुढे सापडला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, सुरुवातीस काही वृद्धांच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचे दिसताच, पंचाहत्तरीपुढील रोग्यांची टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मात्रा निम्मी करण्यात आली आणि धोका आटोक्यात आला.

मात्रेचा हा प्रश्न स्त्रिया आणि वृद्ध यांना एकाच सूत्राने जोडतो. पंचेचाळीस किलो वजनाच्या, मूत्रपिंडे थकलेल्या आजीला रक्त पातळ करणारे इंजेक्शन ऐंशी किलोच्या गड्याच्या हिशेबाने भरले, तर तिची रोहिणी मोकळी होईल पण पोटात रक्त वाहू लागेल. २००५ साली अमेरिकेत याची मोजणी झाली, तेव्हा अशी औषधे मिळालेल्या रोग्यांपैकी ४२ टक्क्यांना किमान एका औषधाची मात्रा गरजेपेक्षा जास्त दिली गेल्याचे आढळले, आणि त्यांत वृद्ध, स्त्रिया, किडकिडीत शरीराचे आणि मूत्रपिंडाचे रोगी यांचाच भरणा होता. पुढे रक्तस्राव झाला की दोष मात्रेवर न जाता वयावर जातो, आणि पुढच्या वृद्धाला औषधच नको, असा अनुभवाचा दाखला तयार होतो.

तारतम्य दुसऱ्या बाजूनेही हवे. रोहिणी पूर्ण बंद झालेली नाही अशा प्रकारच्या झटक्यात, ऐंशीवरच्या ४५७ नॉर्वेजियन रोग्यांपैकी अँजिओग्राफी करून जरूर तेथे स्टेंट किंवा शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यू, पुन्हा झटका इत्यादी संकटे ४०.६ टक्क्यांना आणि केवळ औषधे घेणाऱ्या गटात ६१.४ टक्क्यांना आली. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, पंचाहत्तरीपुढील १,५१८ रोग्यांच्या ब्रिटिश चाचणीत, हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका यांच्या एकूण प्रमाणात दोन्ही मार्गांत लक्षणीय फरक पडला नाही, जीवघेणे नसलेले नवे झटके तेवढे कमी झाले. तेव्हा वृद्धाला सरसकट नाकारणे चूक, तसेच सरसकट शस्त्रक्रियागृहात नेणेही चूक. माणसाची अंगकाठी, स्मृती, हिंडण्याफिरण्याची ताकद आणि त्याची स्वतःची इच्छा यांचा विचार करून मसलत व्हावी, हेच उचित.

भारतापुरते पाहायचे तर २००८ साली प्रसिद्ध झालेली, ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रोग्यांची नोंद हाताशी आहे. आपल्या रोग्यांचे सरासरी वय ५७.५ होते, म्हणजे पाश्चात्त्यांहून बरेच कमी. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे होता. स्नायू मरण्याचे बहुतेक काम ज्या अवधीत उरकते, तेवढा पुरा वेळ घरी, गल्लीतल्या दवाखान्यात आणि रस्त्यावर खर्च होत होता. दाखल झालेल्यांत स्त्रिया चौथा हिस्साही नव्हत्या. त्या आजारी कमी पडल्या की आणल्याच कमी गेल्या, हा प्रश्न त्या आकड्याने सुटत नाही. त्या नोंदीतला सर्वांत बोलका तपशील मात्र गरिबीचा आहे. महिन्याभरात गरिबांपैकी ८.२ टक्के आणि श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले. पण मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरताच मृत्यूतला फरक मिटला. गरिबाचे हृदय निराळे नव्हते, त्याला मिळालेला इलाज निराळा होता.

स्त्रियांच्या बाबतीत हाच कस अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०१४ पासून लावून पाहिला. बंद रोहिणीच्या प्रत्येक रोग्यासाठी त्यांनी चार नियम जारी केले: तातडीच्या विभागातील डॉक्टरानेच अँजिओप्लास्टीच्या पथकाला हाक द्यावी, द्यावयाच्या औषधांची यादी हाती धरून तपासावी, खोली मोकळी असेल तर रोग्याला तत्काळ तेथे हलवावे, आणि शक्य तेथे मांडीऐवजी मनगटातल्या रोहिणीतून जावे, म्हणजे रक्तस्राव कमी होतो. यांत स्त्रियांसाठी म्हणून वेगळा एकही नियम नव्हता. तरी १,२७२ रोग्यांच्या तुलनेत आढळले, की स्त्रियांना होणारा विलंब आणि औषधांतली तफावत नाहीशी झाली, आणि मृत्यूतले अंतरही घटले. जिथे निर्णय वैद्याच्या अंदाजावर सोडलेला असतो तिथे जुना नमुना त्या अंदाजात शिरतो. जिथे नियम सर्वांना सारखा लागू होतो तिथे त्याला शिरायला वाव उरत नाही.

यावरून सामान्य वाचकाने काय घ्यावे? छाती, जबडा, पाठ, खांदा किंवा पोटाचा वरचा भाग यांत दडपण, धाप किंवा घाम असे काही अवचित उद्भवून वीस मिनिटांत मावळले नाही, तर घरातली बाई चाळिशीची असो की आजोबा नव्वदीचे, जवळच्या दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम मागावा. आणि तो काढण्याआधी गॅसचे निदान मान्य करू नये. मधुमेह, मिश्री, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब आणि रोग्याचे वजन या चार गोष्टी न विचारता सांगाव्यात. वय आणि लिंग यांचा उपचाराशी संबंध नाही असे नव्हे; औषधाची मात्रा किती, रोहिणीत कोणत्या वाटेने शिरायचे, कोणता दुर्मिळ प्रकार आधी आठवायचा, हे सर्व त्यांवरूनच ठरते. पण झटक्याची शंका घ्यायची की नाही, हे त्यांवरून ठरवण्याची मुभा कोणालाही नाही.